वाहून जाणाऱ्या मातीची पैमाश

साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या रांगांत उगम पावलेली पांझरा नदी पूर्वेकडे वाहत धुळे शहर आणि त्याच्या उत्तरेस नदीपलीकडे वसलेले देवपूर यांच्यामधून पुढे जाते, तेथून काही अंतरावर उत्तरेस वळते, आणि मुडावद येथे तापीच्या पात्रात विलीन होते. मृगाच्या वा आर्द्राच्या पहिल्या मोठ्या पुरात देवपूरच्या काठावर उभा राहणारा कोणीही मनुष्य ते तांबूस-काळे, जड पाणी पाहून सहज सांगू शकेल की, वरच्या अंगाच्या शेतांतील माती वाहून चालली आहे. परंतु ती किती चालली, कोणाच्या वावरातून निघाली, निघाली तेवढी सगळी तापीपर्यंत पोचली की वाटेतच कोठे थबकली, असे प्रश्न त्याच मनुष्यास विचारले, तर त्याने निरुत्तर व्हावे यात नवल नाही. कारण या प्रश्नांपुढे जगातील मृद्‌शास्त्रज्ञही गेली शंभर वर्षे काहीसे अडखळतच उभे आहेत.

मातीची धूप मोजण्याच्या आधुनिक शास्त्राचा इतिहास सामान्यतः अमेरिकेपासून सांगण्यात येतो. आपल्याकडील दप्तरात मात्र त्याचे एक विस्मृत प्रकरण याहून पुष्कळ आधी नोंदले गेले आहे. मुंबई इलाख्यातील जमीन महसुलाच्या मोजणीसाठी गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या अधिकाऱ्यांनी १८४७ साली जो संयुक्त अहवाल सादर केला, त्यात प्रत्येक शेताची प्रतबंदी करण्याची रीत ठरवून देण्यात आली होती. शेतात ठिकठिकाणी खोदून मातीची खोली हाताच्या मापाने पाहावयाची. पावणेदोन हात खोल उत्तम काळी माती असेल तर ती सोळा आणे धरावयाची, आणि खोली जसजशी उणी होत जाईल तसतसे आणे कमी करीत जावयाचे. याखेरीज जमिनीचे काही दोष नमूद केलेले होते, व त्या दोषांत जमीन उतरती असणे आणि वाहत्या पाण्याने ती धुतली जाण्याचा संभव असणे, या दोहोंचा स्पष्ट समावेश होता. महसूल ठरविणाऱ्या अंमलदारास धुपीचे शास्त्र लिहावयाचे नव्हते, त्याला केवळ सारा आकारावयाचा होता. तथापि उतार, मातीची जात आणि पाण्याचा वेग यांचा शेताच्या मोलाशी असलेला संबंध त्याने नेमका हेरला होता. १८५२ मध्ये ही मोजणी खानदेशात येऊन पोचली तेव्हा सावदे, एरंडोल वगैरे भागांतील रयतेने तिच्याविरुद्ध मोठा दंगा केला, हे इतिहासप्रसिद्धच आहे. दंगा शमला, मोजणी झाली, आणि खोलीचे ते आकडे रुमालात बांधले गेले. ज्या उथळ, बरड जमिनींची खोली तेव्हा अर्धा-पाऊण हात नोंदली गेली, त्याच सर्वे नंबरांत आज पुन्हा खोदून पाहिले, तर पावणेदोनशे वर्षांचा जमाखर्च थोडाबहुत तरी हाती लागेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते. खोल जमिनींच्या बाबतीत मात्र हा उपाय चालणार नाही, कारण पावणेदोन हातांच्या खाली मोजण्याचे कारण मोजणीदाराला नव्हते.

प्रत्यक्ष वाहून जाणारी माती मोजण्याचे पद्धतशीर काम आपल्या प्रांतात १९३३ मध्ये स्थापन झालेल्या सोलापूरच्या जिरायत शेती संशोधन केंद्रात सुरू झाले. तेथे व विजापुराकडे या संशोधनाची सूत्रे ज्यांच्याकडे होती, त्या कानिटकरांचा कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीचा लहानसा तुकडा आखून त्याच्या कडा बंद करावयाच्या, खालच्या टोकास टाकी बसवावयाची, आणि प्रत्येक पावसानंतर टाकीतील पाणी व त्यातील गाळ मोजावयाचा, अशी ही साधी, कष्टाची आणि विलक्षण चिकाटी मागणारी पद्धत होती. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा कायद्याने गावोगाव बांधबंदिस्तीची जी मोठी मोहीम पुढे चालली, तिच्या पाठीशी या टाक्यांतील गाळाची साक्ष होती.

असेच तुकडे अमेरिकेतही अनेक ठिकाणी आखलेले होते, आणि त्यांच्या हजारो वर्ष-नोंदी इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठात एकत्र आणून विशमायर आणि स्मिथ या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये, आणि सुधारून पुन्हा १९७८ मध्ये, एक समीकरण सिद्ध केले. पावसाची क्षरणशक्ती, मातीचा झिजण्याचा स्वभाव, उताराची लांबी, उताराची तीव्रता, पिकाचे आच्छादन आणि बांधबंदिस्ती या गोष्टींना एकेक अंक द्यावयाचा व त्या सर्वांचा गुणाकार करावयाचा, की एका हेक्टरातून वर्षाला सरासरी किती टन माती सुटते याचे उत्तर मिळते. या समीकरणाला सार्वत्रिक असे भारदस्त विशेषण लावण्यात आले. पण त्यातील प्रमाणभूत तुकडा २२.१३ मीटर लांबीचा का, याचे कारण शोधू गेल्यास ते निसर्गात नसून मोजणीच्या सोयीत सापडते. तुकडा सहा फूट रुंद घेतला आणि त्याचे क्षेत्र एकराचा शंभरावा हिस्सा, म्हणजे आपल्या अर्ध्या गुंठ्याहूनही कमी, असावे असे ठरविले, की लांबी ७२.६ फूट येते, आणि तिचेच मीटर केले की हा विचित्र अपूर्णांक तयार होतो. अर्ध्या गुंठ्याहून लहान तुकड्यावर जन्मलेले हे गणित आज उपग्रहाच्या चित्रांच्या आधारे हजारो चौरस किलोमीटरांच्या खोऱ्यांवर अंथरले जाते, आणि त्यातून निघणारे लाल-पिवळे नकाशे पाहून प्रशासनास निश्चिंत वाटू लागते. खुद्द विशमायर यांनी १९७६ मध्ये या समीकरणाच्या उपयोगाविषयी आणि दुरुपयोगाविषयी स्वतंत्र लेख लिहून इशारा दिला होता, हे या नकाशांच्या कौतुकात सहसा कोणास आठवत नाही.

उष्ण कटिबंधातील खोऱ्यांत या गणिताची खरी अडचण पहिल्याच अंकापाशी, म्हणजे पावसापाशी, उभी राहते. पावसाची क्षरणशक्ती ही तो एकंदर किती पडला यापेक्षा किती जोराने पडला यावर अवलंबून असते. म्हणून विशमायर यांच्या पद्धतीत पावसाच्या थेंबांची एकूण ऊर्जा आणि त्या पावसातील सर्वांत जोरदार तीस मिनिटांचा वेग यांचा गुणाकार घ्यावा लागतो. आफ्रिकेत ऱ्होडेशियामध्ये काम करणाऱ्या नॉर्मन हडसन यांना असे आढळले की, ताशी २५ मिलिमीटरपेक्षा मंद पाऊस माती फारशी उखडीतच नाही. आणि त्यांचा अंदाज असा की, समशीतोष्ण देशांत या मर्यादेच्या वर जाणारा पाऊस शेकडा ५ च्या आसपास असतो, तर उष्ण कटिबंधात तो शेकडा ४० पर्यंत जातो. आता हे मोजण्यास मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारे स्वयंचलित पर्जन्यमापक हवे, आणि आमच्या तालुक्याच्या कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला शिरस्ता असा की, सकाळी साडेआठ वाजता मागील चोवीस तासांचा पाऊस एकदाच मोजून वहीत लिहावयाचा. श्रावणाच्या रिपरिपीने दिवसभरात पडलेले ५० मिलिमीटर आणि उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाने पाऊण तासात ओतलेले ५० मिलिमीटर, या दोहोंची त्या वहीतील नोंद अक्षरशः एकसारखी.

ही उणीव भरून काढण्यासाठी आपल्या देशात मृद्‌संधारणाचे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी, मुख्यतः देहरादूनच्या केंद्रीय संस्थेतील राम बाबू आणि त्यांचे सहकारी यांनी, वार्षिक पावसावरून क्षरणशक्तीचा अंदाज देणारे सोपे सूत्र बसविले: वर्षाच्या पावसाला ०.३६३ ने गुणावे आणि त्यात ७९ मिळवावे. धुळ्यासारख्या ठिकाणी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस धरला, तर त्याप्रमाणे २९७ हा अंक येतो. सरासरीच्या हिशेबास हे सूत्र उपकारक आहे यात शंका नाही. परंतु एखाद्या सालचा सगळा पाऊस दोन ढगफुटींत संपला काय आणि साठ दिवस मंदपणे झिरपला काय, सूत्राला त्याचा पत्ता लागत नाही. त्यातून पुन्हा हे सर्व अंक एकमेकांस गुणिले जात असल्याने चुकाही गुणिल्या जातात. सहा घटकांतील प्रत्येक अंक केवळ शेकडा २० ने वाढीव धरला गेला, तरी उत्तर जवळजवळ तिप्पट होऊन बसते. आणि शेकडा २० ची चूक या शास्त्रात मोठी समजत नाहीत.

काळ्या मातीचा स्वभाव हा आणखी एक स्वतंत्र विषय आहे. चैत्र-वैशाखात तिला पडलेल्या रुंद भेगा पहिला पाऊस गटागट पिऊन टाकतात. पुढे माती फुगून भेगा मिटल्या, म्हणजे तीच जमीन पाणी आत घेण्याचे नाकारते आणि वरचा थर सोडू लागते. जेथे रब्बीसाठी खोल काळी जमीन पावसाळाभर उघडी, नांगरून ठेवण्याची वहिवाट आहे, तेथे पाऊस आणि माती यांच्यामध्ये पिकाचे एक पानही आडवे येत नाही. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेच्या काळ्या जमिनीवरील दीर्घकालीन प्रयोगांत या जुन्या वहिवाटीने हेक्टरी साडेसहा टनांच्या आसपास माती दरवर्षी गेली, तर रुंद वाफे-सऱ्या काढून पावसाळ्यातही पीक उभे ठेवल्यावर तेच प्रमाण दीड टनाच्या घरात आले.

टनांचे हे आकडे वाचताना सामान्य वाचकाने मनाशी एक त्रैराशिक बाळगलेले बरे. एका हेक्टरावरून एक टन माती गेली, म्हणजे त्या शेताची पातळी सुमारे ०.०८ मिलिमीटरने खाली गेली. ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये संपूर्ण भारतासाठी काढलेला अंदाज हेक्टरी वार्षिक १६.३५ टनांचा, एकंदरीत ५३३ कोटी टनांचा, होता. म्हणजे देशाच्या पृष्ठभागाचा सरासरी सव्वा मिलिमीटरहून थोडा अधिक थर दरसाल आपल्या जागेवरून हलतो. डोळ्यांना हे दिसणे शक्य नाही. शेतकऱ्याच्या ते ध्यानात येते ते एका पिढीनंतर, नांगराचा फाळ मुरमास लागू लागला म्हणजे.

मात्र त्याच अंदाजाचा दुसरा भाग, जो भाषणांतून बहुधा गाळला जातो, तो अधिक महत्त्वाचा आहे. सुटलेल्या मातीपैकी शेकडा २९ समुद्रास मिळते, शेकडा १० धरणांत साठते, आणि उरलेली शेकडा ६१ केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन पडते, असे त्या दोघांनी लिहिले होते. माती सुटणे आणि माती नाहीशी होणे या दोन भिन्न घटना आहेत. वरच्या शेतातून निघालेली माती खालच्या बांधाशी, नाल्याच्या वळणाशी, नदीच्या मळईत थांबते. काही वर्षे, क्वचित काही शतके तेथे राहते. आणि एखाद्या मोठ्या पुरात पुन्हा चालू लागते. शेताच्या तुकड्यावर मोजलेला आकडा, पुलावरून बाटलीत घेतलेल्या पाण्यातील आकडा आणि धरणाच्या तळाशी सापडलेला आकडा हे परस्परांशी कधीच जुळत नाहीत, ते याच कारणाने. त्यांतील एकच आकडा उचलून वाद घालणे म्हणजे एका पानावरून साऱ्या खतावणीचा ताळेबंद मांडणे होय.

नदीतील गाळ मोजण्याचे काम केंद्रीय जल आयोगाच्या ठाण्यांवर चालते. तापीच्या खोऱ्यात बुऱ्हाणपूर, पूर्णेवरील येर्ली, गिधाडे, सारंगखेडा ही अशी ठाणी आहेत. पात्रात खोलीच्या सहा-दशांशावर बाटली सोडून पाणी घ्यावयाचे, त्यातील गाळ जाड, मध्यम व बारीक असा वेगळा करून तोलावयाचा. या पद्धतीची मर्यादा उघड आहे. तळाशी घरंगळत जाणारी वाळू व गोटे बाटलीत येत नाहीत, आणि वर्षाचा बहुतेक गाळ ज्या चार-सहा दिवसांच्या महापुरात जातो, नेमके त्याच दिवशी, कधी मध्यरात्री, नमुना घेणे सर्वांत कठीण असते.

धरणाचे तसे नाही. धरण रात्री झोपत नाही, आणि जे आले ते बहुतांशी ठेवून घेते. म्हणून धरणाचा गाळ हाच खोऱ्याच्या धुपीचा सर्वांत विश्वासू साक्षीदार मानला जातो. तापीवर गुजरातेत १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या उकाईचे पाणलोट क्षेत्र ६२,२२५ चौरस किलोमीटर, म्हणजे बैतूलच्या मुलताईपासून विदर्भाच्या पूर्णेसह जवळजवळ सारे खानदेश त्यात येते. आरंभी त्याची एकूण साठवण सुमारे ८,५०० दशलक्ष घनमीटर धरली होती. पुढे तीसेक वर्षांनंतरच्या सर्वेक्षणात ती ७,४०० च्या आसपास उरली. नाहीशी झालेली ही ११०० दशलक्ष घनमीटर जागा सबंध पाणलोटावर सारखी पसरून पाहिली, तर वर्षाला ०.६ मिलिमीटरच्या जवळपास येते. खोसला यांनी १९५३ मध्ये मोठ्या पाणलोटांसाठी जो ठोकताळा दिला होता, आणि ज्यावर पुढे देशातील अनेक धरणांची गाळाची तरतूद बेतली गेली, तो ०.३६ मिलिमीटरचा होता. या तुलनेत पहिल्या व नंतरच्या सर्वेक्षणांच्या पद्धतींतील फरकाचाही काही अंश असणार. शिवाय वरच्या अंगाची गिरणा, हतनूर यांसारखी धरणे मधल्या मध्ये आपला वाटा काढून घेतात, तो वेगळाच. तरीही तरतूद आणि वस्तुस्थिती यांतील अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही.

हतनूरचे दुखणे जळगाव जिल्ह्याच्या चांगल्याच परिचयाचे आहे. तापी आणि पूर्णा यांच्या संगमाखाली, भुसावळजवळ, १९८० च्या दशकाच्या आरंभी पुरे झालेले हे धरण ३८८ दशलक्ष घनमीटरांचे, म्हणजे त्याच्या मागच्या अफाट पाणलोटाच्या मानाने अगदीच लहान. पूर्णेचे खोरे खोल गाळमातीचे; ती नदी पाण्याबरोबर अकोला-बुलढाण्याची माती घेऊनच येते. आपल्या पाणलोटाच्या मानाने एवढे लहान असलेले धरण गाळाने लवकर भरावे, हे कोणत्याही समीकरणाशिवाय सांगता आले असते. हा गाळ मोजण्याची रीत आता पूर्वीसारखी केवळ नावेतून दोर सोडण्याची राहिलेली नाही. पाणी निरनिराळ्या पातळ्यांवर असताना उपग्रहाने टिपलेल्या पाणपसाऱ्यांची क्षेत्रे मोजून, त्यांवरून प्रत्येक थरात किती पाणी मावते ते काढतात. नाशिकच्या ‘मेरी’ या संस्थेने महाराष्ट्रातील अनेक जलाशयांची तपासणी अशा रीतीने केली आहे. नीचांकी पातळीच्या खालचा तळ मात्र उपग्रहालाही दिसत नाही. तेथे आजही नावच लागते.

विशमायर यांचे समीकरण ज्यावर मौन धरते, अशी एक धूप खानदेशात सर्वांच्या डोळ्यांदेखत चालू असते. तापीच्या दोन्ही काठांस जागोजाग उंच दरडी आहेत, आणि त्या दरडींच्या मऊ गाळमातीत पावसाच्या पाण्याने खोल घळी कोरलेल्या आहेत. चोपडे, यावल, रावेर या बाजूस नदीलगत अशी कोरलेली, कोणत्याही पिकास निरुपयोगी झालेली जमीन पुष्कळ दिसते. शेताच्या अंगावरून पातळ थराने जाणारी आणि बारीक ओघळींतून जाणारी माती एवढीच त्या समीकरणाच्या कक्षेत येते. घळीचे डोके एका पावसाळ्यात किती हात मागे सरकले, दरडीचा किती भाग कोसळून नदीत गेला, हे त्यात येत नाही. धरणातील गाळापैकी शेताचा किती आणि घळींचा व काठांचा किती, हे ठरविण्यास एक चमत्कारिक साधन उपलब्ध आहे. गेल्या शतकाच्या मध्यास झालेल्या अणुस्फोटांच्या चाचण्यांतून उडालेले किरणोत्सारी सीझियम-१३७ पावसाबरोबर सर्वत्र जमिनीवर उतरले, १९६३ च्या सुमारास त्याचा कळस झाला, आणि ते वरच्या थरातील मातीच्या कणांस घट्ट चिकटून बसले. गाळात ते सापडले, तर ती माती शेताच्या पृष्ठभागावरची. न सापडले, तर खोलातून, म्हणजे घळीतून वा दरडीतून, आलेली. भूतलावर महासंहाराची तयारी करणाऱ्यांनी नकळत मृद्‌शास्त्राची ही सेवा करून ठेवली.

आच्छादनाचा अंक बदलला की काय घडते, हे पाहण्यासाठी पांझरेच्या उगमाकडील साक्री तालुक्यातच जावे. बारीपाडा या आदिवासी पाड्यातील लोकांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने उजाड झालेले जंगल राखण्यास आरंभ केला, कुऱ्हाडबंदी केली, उतारांवर चर खोदले. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. समीकरणाच्या भाषेत सांगावयाचे, तर उघड्या जमिनीचा आच्छादन-घटक एक धरतात, आणि चांगल्या राखलेल्या वनात तो शतांशाच्याही खाली जातो. पाऊस, माती, डोंगराचा उतार यांपैकी काहीच मनुष्याच्या हाती नाही. गुणाकारातला हा एकच अंक असा आहे, की जो शंभरपटीने खाली आणणे गावाच्या हातात असते.

खाली, पांझरेच्या मधल्या टप्प्यावर, शतकानुशतके चालत आलेली फड पद्धत गाळाशी वेगळ्या रीतीने वागत असे. नदीवर बुटका बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाखालची जमीन फडांत विभागलेली, आणि पाणी वाटण्यास पाटकरी, जागले, हवालदार अशी गावानेच नेमलेली माणसे. बंधारा बुटका असल्यामुळे पूर त्याच्यावरून निघून जाई आणि पुष्कळसा गाळही बरोबर नेई; पाटात जो साचे, तो हंगामापूर्वी सर्व खातेदारांनी मिळून काढावयाचा, अशी वहिवाट होती. नदीचा गाळ अडवू नये, तो पुढे जाऊ द्यावा, ही त्या रचनेची बुद्धी आजच्या उंच धरणांस परवडणारी नाही, कारण त्यांना पाणी साठवावयाचे असते आणि पाण्याबरोबर गाळ आलाच.

या साठलेल्या गाळाची वासलात लावण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. तलावाचा तळ उन्हाळ्यात उघडा पडला की, यंत्राने गाळ काढावयाचा आणि तो शेतकऱ्याने आपल्या खर्चाने वाहून शेतात पसरावयाचा, अशी तिची मूळ रचना होती. एका हेक्टरावर दोन बोटे, म्हणजे सुमारे तीन सेंटीमीटर, थर द्यावयाचा म्हटले तर ३०० घनमीटर गाळ लागतो, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीनेक घनमीटर मावतो असे धरले तर शंभर खेपा होतात. म्हणून गाळ बहुधा तलावापासून दोन-तीन मैलांच्या आतच जातो. तेथील जमिनी पाण्याजवळच्या, आधीच बऱ्यापैकी खोल, आणि त्यांच्या मालकांपाशी ट्रॅक्टर किंवा त्याच्या भाड्यापुरता पैसा असतो. माती निघाली ती मात्र वरच्या अंगाच्या, दहा-पंधरा कोसांवरच्या उतारावरून. आणि तेथील शेतकऱ्याला योजनेचा लाभार्थी म्हणून नाव लावण्यासाठी गाळ नेणे परवडत नाही, आणि त्याच्या शेतातून दरसाल किती माती गेली, याची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर कोणत्याच रकान्यात होत नाही.